नीलिमाच्या पाठीचं माप

मी एक जुनी पाठपिशवी आहे. जाड खाकी कापडाची, दोन पट्ट्यांची, वरून झाकण असलेली. दुकानात ओळीने लटकतात त्या चकचकीत बॅगांसारखी मी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड नको. माझ्यावर ना कुठलं नाव आहे, ना चित्र. पण मित्रांनो, त्या चकचकीत बाया कुणाच्याही पाठीवर जातात. माझी शिवण मात्र एकाच माणसाच्या पाठीचं माप घेऊन झाली. एवढा तोरा मी मिरवणारच.

माझा जन्म ब्रह्मपुरीचा. बसस्थानकामागच्या गल्लीत नूर मोहम्मद यांचं शिलाईचं दुकान आहे. जीपच्या सीटा, ट्रकच्या ताडपत्र्या, नाटकवाल्यांच्या कनाती असं जाडंभरडं काम ते करायचे. एक दिवस कॉलेजात शिकणारी नीलिमा त्यांच्याकडे आली आणि म्हणाली की चालत सिरोंच्याला जायचं आहे, त्यासाठी पाठीवरची बॅग शिवून द्या. नूरचाचांना आधी ती थट्टाच वाटली. सिरोंच्याला माणसं बसने जातानासुद्धा कंटाळतात, आणि ही पोरगी पायी निघाली!

पण नीलिमा थट्टा करत नव्हती. तिचं गाव वैनगंगेच्या काठावरचं. लहानपणी घाटावर बसून तिने सगळ्यांना एकच विचारून भंडावून सोडलं होतं, की हे पाणी जाते कुठी. मोठी माणसं सांगायची, खाली वर्धा नदी हिला मिळते, मग हिचं नाव प्राणहिता होतं, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. बाकी पोरांना एवढं उत्तर पुरलं. नीलिमाला पुरलं नाही. तिला ते पाण्यात पाणी मिसळताना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं, तेही पाण्यासोबत चालत जाऊन.

नूरचाचांनी तिला उभं केलं. मान खाली घालायला लावून मानेच्या मुळाशी वर येतं ते हाड शोधलं आणि तिथून कमरेपर्यंत टेप धरली. मग खांदे पाहिले. पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, एकाच बाजूला वाहून तिचा उजवा खांदा किंचित उतरला होता. चाचांनी माझा उजवा पट्टा बोटभर आखूड ठेवला आणि आतल्या बाजूला कापडाची अशी काही मोड घातली की वजन कमरेवर यावं, मानेवर नाही. नीलिमाने मला पाठीवर घेतलं, दुकानासमोर दोन येरझाऱ्या घातल्या आणि हसली. तेव्हाच मला कळलं की मी तिची आहे.

त्या वर्षी धानाची मळणी उरकली आणि पूस महिन्याच्या, म्हणजे पौषाच्या, थंडीत आम्ही निघालो. सोबत नीलिमाची मैत्रीण सीता होती. काय दिवस होते ते! सकाळी धुकं उठेपर्यंत थांबायचं, मग काठाकाठाने चालायचं, अंधार पडायच्या आत एखादं गाव गाठायचं. कधी शाळेच्या ओसरीवर, कधी सीताच्या कुणा मावस-मामे नातेवाइकाकडे मुक्काम. सीताचे नातेवाईक गावोगाव निघायचे, हे मात्र नवल होतं. वाळूत टरबुजाच्या वाड्या लागलेल्या असत, तिथली माणसं हटकत, आणि मग त्यांच्याच चुलीवर चहा व्हायचा. माझ्या पोटात पोहे, जवसाची चटणी, एक घोंगडी आणि दोघींचे कपडे. अंग ओढून यायचं, पण ते दुखणंसुद्धा मला आवडायचं.

मार्कंड्याच्या देवळापाशी आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक जीप उभी होती. नीलिमाचा भाऊ श्रीहरी तिला घ्यायला आला होता. घरी तिला बघायला पाहुणे येणार होते. श्रीहरी वाईट माणूस नव्हता. त्याने दोघींना आधी चहा पाजला, भजी खाऊ घातली, मग सांगितलं. नीलिमा म्हणाली, अजून थोडंच राहिलं आहे. थोडं कुठलं, अर्ध्याहून जास्त वाट बाकी होती.

श्रीहरी नदीकडे बघत म्हणाला, "नदी काई पळून नाई चालली, नीलू. पुढच्या वर्षी जाजो."

मित्रांनो, हे पुढचं वर्ष मोठं लबाड असतं. ते दरवर्षी पुढेच असतं. मला जीपच्या टपावर बांधलं आणि आम्ही आलो त्या वाटेने, पण धुरळा उडवत, अर्ध्या दिवसात घरी पोचलो.

नीलिमाचं लग्न धनराजशी झालं. नागभीडच्या बाजूला, जंगलाला लागून त्यांचं गाव आहे. घरामागे मोहाचं मोठं झाड, पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पलीकडे बोडी नावाचं लहान तळं. रुखवतात मी होते, बरं का. बायका मला उलटीपालटी करून विचारायच्या, हे काय व, नवरीनं शिकारीचं दप्तर आणलं काय? नीलिमा हसून सोडून द्यायची. मी नाही सोडलं, मला राग आला होता.

पण घर भलं होतं. नीलिमाला अंगणवाडीत काम मिळालं तेव्हा मी तिच्या पाठीवर असायचे. लेकरांचा वजनकाटा, चित्रांचे तक्ते, खाऊची पाकिटं, सगळं माझ्यात. पावसात तक्ते कोरडे राहिले म्हणून मोठ्या बाईंनी माझी तारीफ केली होती. पुढे मुलगी झाली, दिव्यानी. रोवणीच्या दिवसांत ती माझ्यात बसून बांधीवर जायची, झाकणातून मुंडकं बाहेर काढून. माझ्या पट्ट्याला चावायची तिला फार खोड होती. सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू. पण रोज संध्याकाळी आम्ही घरीच परत यायचो. एखादी वाट घरापासून लांब लांब जात राहते ती चव मी चाखली होती, आणि ती जिभेवरून जात नव्हती. पिशवीला जीभ नसते म्हणता? मनाला तर असते ना!

मग अंगणवाडीकडून नवी बॅग मिळाली आणि मी खुंटीवर गेले. पूस महिना आला, मळणी झाली, की नीलिमा माझ्यासमोर येऊन क्षणभर थांबायची. माझ्या पट्ट्यावरची धूळ बोटाने पुसायची. मला वाटायचं, आता काढेल. आणि आतून कुणीतरी हाक मारायचं. सासऱ्यांचं दुखणं, दिव्यानीची शाळा, घराचे पत्रे, काही ना काही असायचंच. ती "आले" म्हणून निघून जायची. किती पूस असे गेले, मी मोजणं सोडलं होतं.

एका वर्षी नीलिमाच्या सासूबाईंच्या, गुणाबाईंच्या, बांबूच्या ढोलीला वाळवी लागली. ढोलीत त्या वाळवलेली मोहफुलं ठेवायच्या. आता फुलं ठेवायची कशात? त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. इतकी मजबूत बॅग, तोंड बांधता येतं, उंदीर लागत नाही, आणि नुसती लटकली आहे! गुणाबाईंनी मला फुलांनी गच्च भरलं आणि आढ्याला टांगलं. त्यांचं काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. आमच्या झाडीपट्टीत मोहफूल म्हणजे घरातलं सोनं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. फुलांचा गोड, आंबूस, चिकट रस माझ्या धाग्याधाग्यात मुरत गेला. कधी काळी माझ्या अंगाला नदीच्या गाळाचा वास होता, तो कुठल्या कुठे गेला.

आढ्याला टांगलेल्या वस्तूला करायला काय असतं? आठवायचं. मी मनातल्या मनात मार्कंड्याच्या पुढे चालायचे. पुढची वाट मी पाहिलीच नव्हती, म्हणून रोज नवी रचायचे. एक दिवस तिथे मोठा डोह असे, एक दिवस नावाडी असे. शेवटी दोन नद्या यायच्या, पण पाणी मिसळताना कसं दिसतं हे मला रचता येत नव्हतं. तिथेच माझं घोडं अडायचं.

गेल्या वर्षी दिव्यानी, जी आता ब्रह्मपुरीला कॉलेजात जाते, आईबरोबर मोहफुलं काढायला मला खाली घेऊन बसली. फुलांच्या पिशवीला असे पट्टे कशाला, म्हणून तिने विचारलं. नीलिमाने सांगितलं. फुलं निवडता निवडता, खाली मान घालून, सगळं सांगितलं. लेकीने ते पहिल्यांदाच ऐकलं. ती म्हणाली, "मंग चाल न आई. ह्या पुसात जाऊ. मी येतो तुह्यासंग."

नीलिमाच्या हातातली फुलं तशीच राहिली. मला तर वाटलं, माझ्या शिवणी तटतटा तुटतील.

मग सुरू झाली तयारी. लांब चालायला काय न्यायचं हे ठरवणं सोपं नाही, मित्रांनो. दिव्यानीने अंगणात सतरंजी अंथरली आणि दोन ढीग करायचे ठरवले, एक जायच्या वस्तूंचा, एक राहायच्या. नियम एकच. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, ही रोज लागेल का? रोज लागेल तीच जायच्या ढिगात. नियम छान होता, पण घरात माणसंही होती. गुणाबाई चटणीचा मोठा डबा आणून ठेवायच्या, दिव्यानी त्यातली मूठभर काढून डबा परत न्यायची. धनराजने बॅटरी, दोर, कोयता आणि घुंगरांची काठी आणली. काठी तेवढी जायच्या ढिगात गेली, कारण जंगलाच्या कडेने जाताना आवाज झालेला बरा, जनावर आपणहून बाजूला होतं. दोन चादरींच्या जागी एक रजई आली. पातेलं काढलं, लोटा घेतला. नवे बूट आधीच घेऊन नीलिमा ते घालून बांधीवर जात होती, म्हणजे चावायचे ते इथेच चावून घेतील. असा जायचा ढीग लहान लहान होत गेला आणि मी राहायच्या ढिगाच्या कडेला पडून वाट बघत होते, माझी पाळी कधी येते याची.

माझी पाळी आली नाही. दिव्यानीने मोबाइलवरून एक नवी बॅग मागवली होती. लालभडक. जिकडे बघावं तिकडे चेना. वजनाला इतकी हलकी की वाऱ्याने अंगणात लोळत होती. मी खोटं बोलणार नाही, माझा जळफळाट झाला.

दिव्यानीने तिच्यात तांदूळ भरले आणि नीलिमा बोडीला फेरा घालायला निघाली. बॅगा भरून आधी चालून बघावं, हे खरंच आहे. नीलिमा परत आली ती मान एका बाजूला धरून. ती बॅग कुणा उंच, रुंद खांद्याच्या माणसासाठी होती. पट्टे घसरत होते, कमरेचा पट्टा कमरेखाली येत होता. दुसऱ्या दिवशी कपडे भरले, पट्टे ओढले, पुन्हा फेरा. खांद्यावर लाल वळ उठले. तिसऱ्या दिवशी नीलिमा माझ्याकडे आली, मला उचललं, माझ्यातच तांदूळ ओतले आणि चालू लागली.

काय सांगू! इतक्या वर्षांनी मी जिथे बसायचं तिथे बसले. तिची पाठ थोडी भरली होती, पण हाडं तीच होती. पूर्ण फेरा घालून ती आली, घाम पुसला आणि म्हणाली की हीच न्यायची. दिव्यानीने मला जायच्या ढिगात ठेवलं. त्या संध्याकाळी माझ्याइतकं सुखी त्या गावात कुणी नव्हतं.

गुणाबाईंनी मात्र मला नाकाजवळ नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की हिला मोहाचा वास आहे, आणि मोहाचा वास अस्वलाला कुठून कुठून कळतो. हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नीलिमालाही होतं. पण आनंदात ती ते विसरली होती, किंवा विसरायचं तिने ठरवलं होतं. मग मला राखेने घासलं, रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, निंबाच्या पाल्याची धुरी दिली आणि वाळायला घरामागच्या कुंपणावर टाकलं.

पहाटे अस्वल आलं.

ते काळं धूड माझ्यापाशी उभं राहून मला हुंगत होतं आणि मी भीतीने गारठले होते. त्याने मला खाली ओढलं, नखाने माझं झाकण फाडलं आणि आत तोंड घालून चाटू लागलं. धनराजने पत्र्याचा डबा बडवला, तेव्हा कुठे ते नाराजीने निघून गेलं. सकाळी नीलिमा मला मांडीवर घेऊन नखांच्या खुणांवरून हात फिरवत बसली. मला जायचं होतं हो, फार फार जायचं होतं. पण तिच्या पाठीवर बसून मी अस्वलाला आवतण देत फिरणार? ते मला नको होतं. मला बोलता येत असतं तर मीच तिला नाही म्हटलं असतं.

धनराजला बायकोचा चेहरा बघवेना. तो समजुतीने म्हणाला, "राहू दे न आता. ही बॅग घेशील तं अस्वल येते, ते बॅग घेशील तं पाठ जाते. जायची काई जबरदस्ती हाये काय?"

"हो, हाये," नीलिमा म्हणाली. "माही मलेच हाये."

धनराज उठला, गाडीला किक मारली आणि तिला व मला घेऊन ब्रह्मपुरीला आला.

नूरचाचा आता थकले आहेत. डोळ्यांना कमी दिसतं. मशीनवर त्यांचा मुलगा बिलाल बसतो. चाचांनी मला हातात घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि आपलाच टाका ओळखला. नीलिमाने सांगितलं की अश्शीच दुसरी शिवून द्या, लवकर, पूस चालू आहे. बिलालने वरून वरून माझी मापं घेतली, कागद कापला, पण तो नीट बसेना. माझी खरी मोड आत, शिवणीच्या पोटात होती. चाचा म्हणाले, नमुना काढायचा तर हिला उसवावं लागेल, तुकडा तुकडा वेगळा करून कापडावर ठेवावा लागेल.

नीलिमाने विचारलं, "अन् मंग हिले परत शिवता येईल काय, चाचा?"

"नाई, बेटा. कपडा जुना झाला. दुसरा टाका नाई झेलत तो."

मला वाटलं ओरडावं, थांब नीलिमा, मला घरी ने, खुंटीवर तर खुंटीवर. आणि त्याच क्षणी वाटलं, लवकर हो म्हण ग बाई, नाहीतर हे वर्षही पुढचं होईल. तिने मला पोटाशी धरलं. मोहाचा वास तिच्या लुगड्याला लागला असेल. मग तिने मला बिलालपुढे ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं, उसवा.

दुखलं का, असं विचाराल. टाके तुटताना दुखलं नाही. उजवा पट्टा निघाला तेव्हा दुखलं.

माझे तुकडे निळ्या ताडपत्रीच्या कापडावर ठेवून, खडूने आखून, बिलालने नवी बॅग शिवली. चाचा शेजारी बसून हाताने मोड तपासत होते. माझा एक तुकडाही तिच्यात लावला नाही, वासामुळे लावता येणार नव्हता. बकलसुद्धा नाही. माझं फक्त माप गेलं. दिव्यानी बाकीचं सामान घेऊन बसने आली. मायलेकी दुकानातूनच निघाल्या, पाठमोऱ्या झाल्या, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ती निळी बॅग नीलिमाच्या पाठीवर अगदी माझ्यासारखी बसलेली मला दिसत होती.

तेव्हापासून मी इथेच, फळीवर, दोरीने बांधलेल्या तुकड्यांची गठडी होऊन राहते. परवा नीलिमा दुकानात आली. उन्हाने काळवंडली होती, पायाला पट्टी होती, आणि नवीचा एक टाका उसवला होता. बिलालने नवीला माझ्याजवळच ठेवलं. तिच्या अंगाला गाळाचा वास होता. मी अधाशासारखं विचारलं, कसं दिसतं ग ते, पाण्यात पाणी मिसळताना? नवी पोरगी भाबडी आहे. ती म्हणाली, दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतं, आणि मग कुठलं कुणाचं ते कळत नाही. संगमावर नीलिमाने तिला पाठीवरून उतरवून पाण्याकडे तोंड करून ठेवलं होतं. दिव्यानीने विचारलं, बॅगला काय दाखवून राह्यली आई? तेव्हा नीलिमा रडत होती. म्हणाली, "जुनीले दाखवाचं होतं व. तिचा हक्क होता."

मित्रांनो, वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मीही सांगते. पण जपणं म्हणजे खुंटीला टांगणं नव्हे. ज्या कामासाठी जी वस्तू झाली, त्या कामाला तिला वेळेवर न्या. आणि तुमच्या घरात कुणाची अशी एखादी वस्तू धूळ खात पडली असेल, तर ती झटकायच्या आधी त्या माणसाजवळ बसा. तुले कुठी जायचं होतं, एवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, पण उठू नका.